जोडीने पाहिलेली दिल्ली

लग्न पार पडले म्हणजे नवरानवरीने जोडीने कुलदैवताच्या दर्शनास जावे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. ज्यांचा खंडोबा ते जेजुरीस जातात, ज्यांची भवानी ते तुळजापुरास, ज्यांची अंबाबाई ते कोल्हापुरास. जेजुरीच्या गडावर तर नवऱ्याने नवरीला उचलून घेऊन निदान पाच पायऱ्या चढावयाच्या असतात. भोवतीचे आप्तेष्ट हसतात, भंडारा उधळतात, नवरी लाजते, नवऱ्याला धाप लागते. या हसण्याखिदळण्याच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे. ही यात्रा एकट्याने करावयाची नाही. दोघांनी मिळून, एकाच दिवशी, एकाच मूर्तीसमोर उभे राहावयाचे आहे.

पुढे इंग्रजी विद्येबरोबर ‘मधुचंद्र’ हा शब्द आपल्याकडे आला. तो भाषांतरित असला तरी इतका गोड निघाला, की मराठीने त्याला आपल्या घरातच ठेवून घेतले. महाबळेश्वर वसविले ते १८२८ च्या सुमारास गव्हर्नर मालकम साहेबाने, आणि माथेरानचा डोंगर पुढे आणला तो १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने. दोघांनीही ते केले आपल्या गोऱ्या बांधवांच्या उन्हाळ्यासाठी. परंतु त्याचे खरे पुण्य मिळाले ते मराठी मध्यमवर्गातील नवविवाहितांना. आज ही ठिकाणे जवळची वाटू लागली आहेत. ज्यांच्या खिशाला झेपते ती जोडपी विमानाने परदेशी जातात. बाकीची सिमला, कुलू, मनाली असा उत्तरेचा रस्ता धरतात. या दुसऱ्या मंडळींच्या वाटेवर दिल्ली लागते, आणि जाताना किंवा येताना एक मोकळा दिवस त्यांच्या पदरी पडतो.

श्रोतेहो, या एका दिवसाविषयीच मी आज आपणांशी बोलणार आहे. सरकारी नोकरीमुळे माझा दिल्लीत बराच काळ मुक्काम झाला आहे, आणि दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी गृहस्थाला जो प्रश्न दरवर्षी लग्नसराईत विचारला जातो तो मलाही विचारला जातो : “एकच दिवस आहे, काय पाहावे?” बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. पहाटे निघावयाचे, आग्र्यास जाऊन ताजमहाल पाहावयाचा, छायाचित्र काढून घ्यावयाचे आणि रात्री परतावयाचे. यमुना द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये खुला झाल्यापासून हे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे, यात शंका नाही. तरीही दिवसाचा मोठा भाग मोटारीत जातो, आणि ताजमहालासमोर पोहोचेतो पाहण्याचा उत्साह निम्मा सरलेला असतो.

मागील वर्षी मार्गशीर्षात माझा भाचा आणि त्याची नवपरिणीत पत्नी सिमल्यास जाण्यापूर्वी आमच्याकडे उतरली. भाचा पुण्यास एका कारखान्यात अभियंता आहे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे त्याला वेड आहे. भाचेसून सांगलीकडची, शाळेत गणित शिकविते. आदल्या रात्री जेवताना बोलणे निघाले. भाचा म्हणाला, “मामा, मला आपल्या लोकांची दिल्ली पाहावयाची आहे. मोगलांची थडगी पाहून काय करू?” त्यावर सूनबाई शांतपणे म्हणाली, “मामा, यांच्या इतिहासात लढायाच फार. लग्नानंतरच्या पहिल्या फिरण्यात सगळा दिवस लढायांतच घालवावयाचा का?” दोघांचेही म्हणणे मला रास्त वाटले. सोमवारी लाल किल्ला बंद असतो; सुदैवाने दुसरा दिवस मंगळवार होता. मी तीन ठिकाणे सुचविली आणि तीही एका सूत्रात ओवून : सकाळी हुमायूनची कबर, दुपारी लाल किल्ला, आणि उतरत्या उन्हात नॉयडा. नॉयडाचे नाव ऐकून दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, ते उद्या कळेल.

हुमायूनची कबर निजामुद्दीन वस्तीजवळ आहे. लाल वालुकाश्माचे विशाल जोते, त्यावर पांढऱ्या संगमरवराचा घुमट, भोवती पाण्याच्या पाटांनी चौपट विभागलेली बाग. १९९३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. ताजमहालाच्या सुमारे साठ-सत्तर वर्षे आधीची ही इमारत आहे, आणि ताजमहालाची कल्पना येथून निघाली असे जाणकार मानतात. एवढे कोणताही वाटाड्या सांगतो. मी सूनबाईला सांगितले ते वेगळे. ताजमहाल पतीने पत्नीसाठी बांधला, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. ही कबर पत्नीने पतीसाठी बांधविली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या राणीचे नाव बेगा बेगम. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाने हुमायूनचा धुव्वा उडविला, तेव्हा ही राणी शत्रूच्या हाती सापडली. त्या धांदलीत तिची लहान मुलगी नाहीशी झाली. शेरखानाने राणीला सन्मानाने परत पाठविले, परंतु मुलगी पुन्हा मिळाली नाही. पुढे हुमायूनने राज्य गमावले, परदेशी आश्रय घेतला, पंधरा वर्षांनी दिल्ली परत मिळविली, आणि काही महिन्यांतच, १५५६ च्या जानेवारीत, पुराण्या किल्ल्यातील आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून तो मरण पावला. बेगा बेगमने मक्केची यात्रा केली. म्हणून तिला हाजी बेगम म्हणतात. इसवी सन १५६५ च्या सुमारास तिने या कबरीचे काम सुरू करविले. मीरक मिर्झा घियास हा स्थपती होता, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाने काम तडीस नेले. राणीचे उरलेले आयुष्य या कबरीच्या देखभालीत गेले, आणि शेवटी तीही येथेच विसावली.

जगाच्या इतिहासात याला एक प्रसिद्ध पूर्वोदाहरण आहे. आजच्या तुर्कस्तानात, हॅलिकार्नेसस नगरात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मॉसोलस नावाचा अधिपती होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची राणी आर्टेमिसिया हिने त्याच्या स्मरणार्थ जी इमारत चालविली, ती पुढे प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणली गेली. त्या राजाच्या नावावरूनच भव्य समाधीला इंग्रजीत ‘मॉसोलियम’ म्हणू लागले. पण गंमत अशी, की शब्दात नाव राहिले ते नवऱ्याचे. दिल्लीतही तेच झाले. कबर बांधविली बेगमेने, आणि नाव चालले हुमायूनचे.

सूनबाईने हे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि उलट झालेले दिल्लीत काही नाही का?” आहे, आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर. अब्दुर्रहीम खानखानान, ज्याचे दोहे हिंदीच्या पाठ्यपुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहेत, त्याने आपली पत्नी माहबानू हिच्यासाठी १५९८ च्या सुमारास येथे कबर बांधली. पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेली भव्य मोगल वास्तू म्हणून तिचा मान ताजमहालाच्या आधीचा. १६२७ मध्ये रहीम वारला, तेव्हा त्यालाही पत्नीशेजारीच ठेवण्यात आले. माझ्या भाच्याचे लक्ष आता जागे झाले, कारण हा रहीम म्हणजे १५९५ च्या अखेरीस अहमदनगरास वेढा घालून बसलेल्या मोगल सेनेतील एक प्रमुख सरदार. चांदबिबीने ज्यांना किल्ल्याच्या तटावरून दाद दिली नाही, त्यांपैकी हा एक. नगरच्या तटाखाली तोफा लावणारा आणि यमुनेकाठी पत्नीसाठी घुमट उभारणारा माणूस एकच होता, हे मनात बसावयास थोडा वेळ लागतो.

या कबरीचा घुमट कित्येक वर्षे ओडकाबोडका दिसे. तिचा संगमरवर अठराव्या शतकात उपटून नेला गेला, आणि तो सफदरजंगाच्या कबरीसाठी वापरला गेला असे सांगतात. अलीकडे पुरातत्त्व खाते व आगा खान न्यास यांनी अनेक वर्षे खपून डागडुजी केली आणि २०२० मध्ये हे काम पूर्ण झाले. तरीही घुमट संपूर्ण संगमरवराने मढविलेला नाही. काय नेले गेले ते पाहणाऱ्याला कळावे इतकेच जुने रूप परत आणले आहे. मला तो विचार फार योग्य वाटतो. एकाचे उपटून दुसऱ्याचे सजवावयाचे, ही दिल्लीची जुनी खोड आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण दुपारी आम्हांला तिचाच दुसरा अध्याय वाचावयाचा होता.

हुमायूनच्या कबरीतून निघण्यापूर्वी आणखी एका जोडप्याची आठवण करावी लागते. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, तेव्हा वृद्ध बादशहा बहादुरशहा जफर या कबरीच्या आश्रयास आला आणि येथेच तो हडसनच्या स्वाधीन झाला. त्याची बेगम झीनत महल त्याच्याबरोबर होती. दोघांनाही रंगूनला हद्दपार करण्यात आले. जफर १८६२ मध्ये वारला. झीनत महल त्याच्यामागे चोवीस वर्षे तेथेच राहिली आणि १८८६ मध्ये रंगूनलाच मरण पावली. एका राणीने ज्या घराण्याचे पहिले मोठे स्मारक उभारले, त्याच घराण्याचा संसार तेथेच मोडला.

जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या स्थानकावर मेट्रो पकडली की गाडी न बदलता लाल किल्ल्याच्या दारात उतरता येते. चांदणी चौकात पराठ्यांच्या गल्लीत दोन घास खाऊन आम्ही किल्ल्यात शिरलो. शहाजहानने १६३९ मध्ये हा किल्ला बांधावयास घेतला आणि १६४८ मध्ये तो पुरा केला. आता माझ्या भाच्याची पाळी होती. तो सांगत होता आणि त्याची पत्नी ऐकत होती. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीस आला आणि रायगड पडल्यापासून मोगलांच्या कैदेत असलेल्या येसूबाईंना घेऊन परत गेला. म्हणजे शिवछत्रपतींच्या सुनेने तीस वर्षे कैदेत काढली. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीशी आला, कालकादेवीजवळ त्याचा तळ पडला, आणि तालकटोऱ्यापाशी बादशाही फौजेशी चकमक झाली. राजधानी जाळून टाकण्याचा विचार त्याने सोडून दिला, असे त्याने स्वतःच चिमाजीअप्पांना कळविले. त्याच तालकटोऱ्यात २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि अध्यक्षस्थानी होत्या डॉ. तारा भवाळकर. घोड्यांच्या टापांनी ओळख झालेल्या जागी मराठी माणूस पुस्तके घेऊन आला, ही प्रगती लहान नाही.

असे बोलत बोलत आम्ही दिवाण-इ-खासमध्ये येऊन पोहोचलो. संगमरवरी खांब, त्यांवर रंगीत खड्यांची नक्षी, आणि वर लाकडी छत. आज दिसतो तो छताचा रंग १९११ मधला आहे. सूनबाईने वर पाहून विचारले, “एवढ्या खांबांवर एवढे साधे छत कसे?” भाचा क्षणभर थांबला. उत्तर त्याला ठाऊक होते. येथे पूर्वी चांदीचे छत होते. १७६० च्या ऑगस्टच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा किल्ला घेतला. सैन्याच्या पगाराला पैसा नव्हता, दक्षिणेतून रसद येत नव्हती, म्हणून त्यांनी ते छत उतरवून वितळविले आणि त्याचे रुपये पाडले. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले, असे इतिहासात सांगितले जाते.

“म्हणजे लूटच की ही,” सूनबाई म्हणाली.

भाच्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “लूट नव्हे, निकड होती. शिपाई उपाशी होते. नादिरशहाने मयूरासन नेले, त्याला तू काय म्हणशील?”

“त्यालाही लूटच म्हणेन,” ती म्हणाली. “मी हिशेब विचारते आहे, दोष देत नाही. शिपायांना पगार मिळालाच पाहिजे. पण छत नेले तर नेले असे म्हणावे.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. पती-पत्नींच्या पहिल्यावहिल्या मतभेदात तिसऱ्याने पंच होऊ नये, हा नियम मी पाळतो. परंतु कागद दोन्ही बाजूंचे पुढे ठेवावेत, ही सवय नोकरीने मला लावली आहे. म्हणून मी इतकेच सांगितले. नादिरशहाने १७३९ मध्ये येथून अपार संपत्ती नेली, हे खरे. १८५७ नंतर इंग्रजांनी या किल्ल्यातील जनानखान्याचा व राजवाड्याचा मोठा भाग पाडून तेथे पलटणीच्या बराकी बांधल्या, हेही खरे. आणि मराठ्यांनी हे छत उतरविले, हे तितकेच खरे. दुसऱ्याचे पाप मोठे असल्याने आपले पुण्य ठरत नाही. उलट आपल्या बाजूचे जे चांगले, तेही झाकण्याचे कारण नाही. ज्या शहाआलम बादशहाला महादजी शिंद्यांनी १७७२ च्या जानेवारीत दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसविले, त्याचे डोळे १७८८ च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिराने याच किल्ल्यात काढले. त्या आंधळ्या, उपाशी बादशहाची सुटका केली ती मराठी फौजेने. त्यानंतर १८०३ पर्यंत किल्ल्याचा बंदोबस्त शिंद्यांच्या हाती होता.

त्या चांदीच्या छताला एक उपकथा जोडलेली आहे. भरतपूरचा सूरजमल जाट तेव्हा भाऊंच्या बरोबर होता. त्याचे व भाऊंचे अनेक बाबतींत पटेना, आणि छत उतरविण्यासही त्याचा विरोध होता असे सांगतात. तो दिल्लीहून आपल्या मुलुखाला निघून गेला. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो प्रलय झाला त्यातून वाचलेली, अनवाणी, उघडी माणसे दक्षिणेकडे पळू लागली, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि निवारा देणारा हाच सूरजमल. ज्याचा सल्ला आपण ऐकला नाही त्याच्याच अंगणात आपली माणसे जेवली. पानिपतचा हा भाग मराठी मुलांना लढाईइतकाच आवर्जून शिकविला पाहिजे, असे मला वाटते.

मग मी सूनबाईला पार्वतीबाईंची गोष्ट सांगितली. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई या स्वारीत पतीबरोबर होती. त्या सालचा पावसाळा मराठी फौजेने दिल्लीच्या परिसरात काढला. यमुना फुगलेली, पलीकडे अब्दालीचा तळ, अलीकडे लाखाच्या घरात माणसे, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेकडे कुंजपुऱ्यावर चालून गेले आणि तेथून पानिपतास. रणातून भाऊ परतले नाहीत, पार्वतीबाई परतल्या. परंतु पती गेले, हे त्यांनी कधीच मानले नाही. त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. भाऊ जिवंत आहेत अशी आवई उठली, एक तोतयाही उभा राहिला, त्याच्या नादी पुष्कळ लोक लागले आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. बावीस वर्षे त्या वाट पाहत होत्या.

हे ऐकताना भाचाही गप्प होता. पानिपतावरील पुस्तके त्याने पुष्कळ वाचलेली. शेजवलकरांचा ग्रंथ त्याला जवळजवळ पाठ. व्यूह कसा रचला, इब्राहिमखान गारदी कोठे उभा होता, विश्वासरावांना गोळी कधी लागली, हे सारे तो सांगू शकतो. तो म्हणाला, “मामा, पार्वतीबाई स्वारीत होत्या हे मला ठाऊक होते. पण त्या येथे, याच शहराच्या आसपास, एक पावसाळा राहिल्या असतील, असा विचार कधी मनात आला नाही.” सूनबाई काहीच बोलली नाही. तिने पुन्हा एकदा छताकडे पाहिले, आणि मला वाटले की आता ते छत तिला निराळे दिसत असावे. त्या चांदीच्या रुपयांतून ज्यांचे पगार भागले, त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत होतेच.

तिसरा मुक्काम नॉयडाचा. लाल किल्ल्याहून मेट्रोने मंडी हाउसला जावे, तेथे गाडी बदलावी, यमुना ओलांडून पुढे ‘गोल्फ कोर्स’ नावाच्या स्थानकावर उतरावे. नॉयडा हे १९७६ मध्ये वसविलेले नवे नगर. उंच इमारती, कचेऱ्या, दुकाने. तेथील गोल्फच्या हिरव्यागार मैदानात एक जुना दगडी स्तंभ उभा आहे. मैदान सभासदांचे असल्यामुळे आत जाण्यास विचारावे लागते. आम्हांला ती सवलत मिळाली. हा स्तंभ १९१६ मध्ये इंग्रज सरकारने उभारला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी येथेच, तेव्हाच्या पटपडगंजच्या शिवारात, जनरल लेक याने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती लुई बूर्कॅं नावाचा फ्रेंच माणूस होता. साठांहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. पाच दिवसांनी लेक लाल किल्ल्यात गेला आणि त्याने आंधळ्या शहाआलमची भेट घेतली. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल कायमचा संपला.

म्हणजे दिल्लीत मराठ्यांच्या नावाचा जो एक सरळ, स्पष्ट दगड सापडतो तो त्यांच्या पराभवाचा, आणि तोही जिंकणाऱ्याने उभारलेला. त्यावर जिंकणाऱ्या सेनापतीचे नाव आहे, हरणाऱ्या सेनापतीचेही आहे. पण हरणारा फ्रेंच असल्यामुळे मराठी माणसाचे नाव त्यावर एकही नाही. भोवती खेळाडू शांतपणे चेंडू टोलवीत होते. भाच्याला राग येईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. तो म्हणाला, “आपण पंधरा वर्षे दिल्ली राखली, पण येथे काही बांधले नाही.” सूनबाई म्हणाली, “राखणारे आणि बांधणारे वेगळे असतात. पण राखताना हिशेब नीट ठेवला, तर बांधणाऱ्यांइतकेच नाव राहते.” गणिताची शिक्षिका ती, हिशेब हा तिचा आवडता शब्द. भाचा हसला, आणि दुपारपासून दोघांमध्ये जो थोडा ताण राहिला होता तो तेथे सुटला.

श्रोतेहो, इतके सविस्तर सांगण्याचा हेतू आमच्या घरची हकीकत ऐकविणे हा नव्हे. नवविवाहितांचा प्रवास म्हणजे रम्य स्थळे आणि गोड बोलणी, असा आपला समज असतो. तसे जरूर असावे. सिमल्याचे बर्फ आणि देवदारांची झाडे त्यासाठीच आहेत. परंतु त्यातला एक तरी दिवस असा असावा, की ज्या दिवशी दोघांनी मिळून एखादी जुनी, गुंतागुंतीची वस्तू पाहावी आणि तिच्याविषयी आपापले मत मोकळेपणाने बोलावे. संसारात पुढे मतभेदांचे विषय पुष्कळ येतात. पैसा असतो, माहेर-सासर असते, मुलांचे शिक्षण असते. त्या विषयांत आपला जीव अडकलेला असल्याने आवाज चढतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या छतावरून मतभेद झाला तर आवाज फार चढत नाही, आणि समोरच्या माणसाचा स्वभाव मात्र कळतो. माझ्या भाच्याला त्या दिवशी कळले, की आपली पत्नी खरे ते खरे म्हणणारी आहे, आणि ते दुखविण्यासाठी म्हणत नाही. तिला कळले, की आपल्या पतीचा अभिमान हट्टी नाही. सत्य पुढे आले तर तो ते ऐकून घेतो. एका दिवसाच्या मानाने ही कमाई थोडी नव्हे.

आणखी एक गोष्ट. दिल्लीत आलेला मराठी माणूस बहुधा दोन तऱ्हेने वागतो. एक तर हे सारे परक्यांचे म्हणून तो नाक मुरडतो, किंवा सारे भव्य म्हणून दिपून जातो. वास्तविक दिल्ली आपल्याला परकीही नाही आणि निव्वळ आपलीही नाही. येथे आपली राजस्त्री कैदेत होती, आपला पेशवा वेशीवरून परतला, आपल्या सेनापतीने छत उतरविले, आपल्याच दुसऱ्या सेनापतीने आंधळ्या बादशहाला आधार दिला. या चारही गोष्टी एकत्र धरून जो दिल्ली पाहतो, त्याला हे शहर आपल्या घरच्या जुन्या दप्तरासारखे वाटू लागते. त्यात मिळकतीचे कागद असतात तसे कर्जाचेही असतात. शहाणा वारस दोन्ही जपून ठेवतो.

ज्यांना असा दिवस काढावयाचा असेल त्यांनी सोमवार टाळावा. हिवाळ्यात धुके असते आणि दिवस लहान असतो, म्हणून सकाळी वेळेवर निघावे. पायांत चालण्याजोग्या चपला असाव्यात. वाटाड्याचे सगळे खरे मानू नये, आणि सगळे खोटेही मानू नये. घाई करू नये. तीन ठिकाणे पुरेशी आहेत, दोन झाली तरी चालतील.

आणि लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासमध्ये उभे राहाल तेव्हा पार्वतीबाईंचे स्मरण करा. बेगा बेगमचा घुमट साऱ्या जगाला दिसतो. माहबानूचा आता पुन्हा दिसू लागला आहे. पार्वतीबाईंच्या नावाचा दगड दिल्लीत माझ्या तरी पाहण्यात नाही. नव्याने संसार मांडणाऱ्या एखाद्या मराठी जोडप्याने तेथे घटकाभर थांबून तिचे नाव घेतले, एवढे स्मारक तिला पुरे होईल.